रेडिएटर पुढच्या वेळी

इनास,

तू गेल्याला महिना झाला, म्हणून चर्चमध्ये परवा जी मिस्सा, प्रार्थना, झाली तिला मी रिक्षाने आलो. गाडी बिल्डिंगखाली उभी होती, टाकी अर्धी भरलेली, तक्रार कसलीच नाही. किल्ली घेऊन मी दोनदा जिना उतरलो आणि दोनदा वर आलो. शेवटी माधवी म्हणाली, "रिक्षा करा." बायको इतकी वर्षं बरोबर असली की तिला कारण सांगावं लागत नाही.

तुझ्या अंत्यविधीलाही आम्ही रिक्षानेच आलो होतो. भुईगावच्या चर्चबाहेर त्या दिवशी ज्या गाड्या लागल्या होत्या, त्यांतल्या निम्म्याअधिक तुझ्या हाताखालून गेलेल्या. कुणाचा क्लच तू बदललास, कुणाचा एसी. मालक आत बाकांवर बसले होते, काही उभे होते. माझी गाडी त्या रांगेत आणून लावण्याची हिंमत मला झाली नाही.

आपण आठ महिने बोललो नव्हतो. तुझी काही चूक नव्हती, हे त्या आठ महिन्यांतले आठ दिवस सोडले तर मला सगळा वेळ माहीत होतं. हे तुझ्यासमोर बसून सांगायचं होतं. ते राहिलं, म्हणून लिहितो आहे.

आपली ओळख त्या गाडीने करून दिली. तुला ही गोष्ट पाठ होती, तरी एकदा पुन्हा सांगतो, कारण तू ती नेहमी अर्धी सांगायचास. अंधेरीच्या कंपनीत मी प्रशासन बघायचो. बावीस वर्षं. साहेबांची गाडी, तिचा ड्रायव्हर, तिचा विमा, तिची सर्व्हिस, सगळं माझ्या सहीने चालायचं. गॅरेजचं बिल आलं की मी लाल पेन घेऊन बसायचो आणि कुठे दोन तास मजुरी जास्त लावली आहे ते शोधून काढायचो. ऑफिसात माझी तीच ओळख होती, मोहनला फसवता येत नाही. त्या गाडीत मात्र मी कधी बसलो नव्हतो. पावसात साहेबांना छत्री धरून दार उघडून द्यायचं आणि स्वतः चालत स्टेशन गाठायचं. चार वर्षांनी कंपनीने साहेबांना नवी गाडी घेतली आणि जुनी आतल्या आत विकायला काढली. मी अर्ज केला.

निळी, लांबलचक, चामड्याच्या सीटची, गिअर आपोआप बदलणारी गाडी मी विरारला आणली तेव्हा बिल्डिंगमधली सगळी खाली आली होती. दोन खांबांच्या मधे ती मावेना. माधवीने मागचं दार उघडलं, आत बसली, आणि म्हणाली, "छान आहे हो. पण ही आपण पोसणार कशी?"

तिचं बरोबर होतं. नवी असताना त्या गाडीची जी किंमत होती त्याच्या पाव किमतीत ती मला मिळाली होती. पण टायर मागताना ती पाव किमतीचे मागत नव्हती. शहरात लिटरला आठ किलोमीटरच्या वर ती कधी गेली नाही. पहिल्याच सर्व्हिसला कंपनीच्या वर्कशॉपने जो आकडा सांगितला तो ऐकून मी लाल पेन खिशातच ठेवलं. इतकी वर्षं दुसऱ्याच्या पैशातून असली बिलं पास केली होती. आता ते पैसे माझ्या पगारातून जायचे होते.

आमच्या बिल्डिंगमधल्या शिर्क्यांनी तुझं नाव सांगितलं. "भुईगावला एक जण आहे, घरामागेच काम करतो. मोठ्या गाड्यांचा हात आहे त्याला."

केळीच्या बागेतून आत आलो तर पत्र्याची शेड, शेजारी विहीर, आणि तू एका जीपखाली आडवा. माझी गाडी आवारात शिरली आणि तू तसाच पडून राहिलास. मला वाटलं, याला गिऱ्हाइकाची पर्वा दिसत नाही. थोड्या वेळाने बाहेर आलास आणि म्हणालास, "पुढचं डावं चाक बोलतंय. बंद नका करू, थांबा." तू ऐकत होतास. मग बॉनेट उघडलंस, टॉर्च मारलास, खाली शिरलास. अर्ध्या तासाने हात पुसत मला विचारलंस, "साहेब, ही विकणार का?"

"आत्ताच घेतली आहे," मी म्हणालो.

"मग ऐका. गाडी जुनी झाली की तिची किंमत कमी होते, खर्च कमी होत नाही. तुम्ही किंमत कारकुनाची दिलीत. खर्च साहेबाचाच येणार."

कारकून हा शब्द मला झोंबला. पण त्यानंतर तू जे केलंस ते मी बावीस वर्षांत कुठल्या गॅरेजवाल्याला करताना पाहिलं नव्हतं. वर्कशॉपने काढलेली कामांची यादी तू हातात घेतलीस आणि नखाने एकेका ओळीवर खूण करत गेलास. हे आज करायचं. हे पावसाआधी. हे दोन वर्षं नाही केलं तरी चालेल. हे करायचंच नाही, तुम्हाला उगाच घाबरवलंय. बारापैकी चारच कामं उरली. स्वतःचं काम स्वतःच कमी करणारा माणूस बघून मला, खरं सांगतो, संशयच आला. याच्यामागे काही तरी असणार, असं वाटलं. तो संशय मनातून जायला मला वर्ष लागलं. पुरता गेला नव्हता, हे पुढे कळलं.

नंतरची वर्षं मला गाडीच्या दुखण्यांवरूनच आठवतात. आपल्या रस्त्यांनी सस्पेन्शनचे बुश खाल्ले ते वर्ष. उंदरांनी वायरी कुरतडल्या आणि गाडी उभ्या उभ्या हॉर्न वाजवायला लागली तो श्रावण. गिअरबॉक्सचं ऑइल बदलायला नको म्हणून मी हुज्जत घातली आणि तू दोन दिवस माझा फोन उचलला नाहीस, ते वर्ष. एसीचा कॉम्प्रेसर गेला तेव्हा तू कुर्ल्याच्या भंगार बाजारातून जुना शोधून आणलास. बसवण्याआधी मला समोर बसवून सांगितलंस, "हा जुना आहे. जुना म्हणूनच लावतोय आणि जुन्याचेच पैसे घेणार. नवा पाहिजे तर आत्ता बोल." जुन्याला जुना म्हणायचं, नव्याला नवा. तुझा सगळा धंदा त्यावर उभा होता.

त्या बोलण्यात तू मला 'तू' म्हणायला लागला होतास, ते तुझ्या लेकीच्या, रोझलीनच्या लग्नानंतर. तोवर मी 'साहेब' होतो. कितीदा सांगितलं तरी तू सोडत नव्हतास. लग्नाला नवरीची गाडी म्हणून तू माझी गाडी मागितलीस. मागताना एवढा अवघडलास की माधवीला हसू आलं. तीन दिवस तू ती घासलीस. चाकांच्या आतून सुद्धा. लग्नाच्या दिवशी तुझ्या दारात बॅन्ड उभा, रोझलीन पांढऱ्या झग्यात मागे बसलेली, फिलोमिना वहिनी डोळे पुसत असलेल्या, तू सूट घालून स्टिअरिंगवर. तू किल्ली फिरवलीस आणि काहीच झालं नाही. पुन्हा फिरवलीस. बॅन्डवाले थांबले. तू कोट काढून माझ्या हातात दिलास, बॉनेट उघडलंस आणि आत बघून तसाच वाकून राहिलास. मी जवळ गेलो. तू अगदी हळू म्हणालास, "बॅटरीची तार साफ करायला काढली होती. परत आवळलीच नाही."

पाच मिनिटांत गाडी चालू झाली. तुझ्या शर्टाच्या उजव्या बाहीच्या टोकाला काळं लागलं, ते लग्नाच्या सगळ्या फोटोंत आहे. जेवताना तू माझ्या शेजारी येऊन बसलास. "आता सगळ्या वसईला सांगाल."

"सांगणारच," मी म्हणालो.

तू माझ्याकडे बघितलंस. "नाही, तू नाही सांगणार."

आणि मी कधीच कुणाला सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहितो आहे. तुझ्याकडून माझ्या गाडीच्या बाबतीत झालेली ती एकच खरी चूक, आणि ती मी जपून ठेवली होती. हे आठवलं की पुढचं लिहायला हात उचलत नाही.

आपलं भांडण मात्र एकच होतं, दर वर्षीचं. पावसाआधी गाडी आणली की तू म्हणायचास, "विकून टाक. छोटी घे. मला पैसे मिळतात म्हणून मी गप्प बसायला पाहिजे, पण मला बघवत नाही." मी म्हणायचो की अजून उत्तम आहे. तू म्हणायचास, उत्तम आहे, पण तुझ्या पेन्शनला नाही. एकदा विहिरीच्या कठड्यावर बसून चहा पिताना तू म्हणालास, "तुला गाडी नकोच आहे मोहन. तुला साहेबाची केबिन पाहिजे होती. हिला चाकं आहेत एवढंच." मला राग आला होता. चहा अर्धा टाकून उठलो होतो. ते भांडण तसंच राहिलं. मला ते हरायला आवडलं असतं.

गेल्या पावसाआधी तू वॉटर पंप बदललास. पंप महाग होता, कंपनीचा मूळचा होता. तू मला त्याचं खोकं दाखवलंस. मी नेहमीसारखी मान डोलावली, नीट बघितलं नाही. मग तू म्हणालास, "रेडिएटरही बदलून घे. वरचं प्लास्टिक ठिसूळ झालंय, बोटाने दाबलं तरी कळतं. एकदम काम होईल."

मी आकडा विचारला. तू सांगितलास. त्याच महिन्यात माधवीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं.

"पुढच्या वेळी बघू," मी म्हणालो.

तू जबरदस्ती केली नाहीस, कधीच करत नव्हतास. फक्त म्हणालास, "मग लांब जाऊ नको. आणि टेम्परेचरच्या काट्यावर नजर ठेव. वर सरकला की लगेच बंद कर, एक किलोमीटरही ओढू नको."

ऑगस्टातल्या एका रविवारी मी माधवीला घेऊन कल्याणला तिच्या बहिणीकडे गेलो. येताना कामण सोडलं आणि चिंचोटीच्या अलीकडे धबधब्याच्या गर्दीत अडकलो. भिजलेली पोरं, मोटरसायकली, भजीच्या गाड्या, आणि गाड्यांची रांग हलत नव्हती. काटा वर गेलेला मी पाहिला. इनास, मी पाहिला होता. पाच मिनिटांत रांग सुटेल असं वाटलं. मग बॉनेटमधून वाफ आली आणि गाडी बंद पडली. पाऊस कोसळत होता. काचा वर केल्या तर गुदमरायचं, खाली केल्या तर भिजायचं. माधवी ऑपरेशन झालेला पाय लांब करून मागच्या सीटवर दोन तास बसून होती.

मी शिर्क्यांना फोन केला. ते बिचारे आपली गाडी घेऊन आले. तुला फोन केला असता तर तूही आला असतास, पण तू बदललेला पंपच गेला असणार हे मी मनाशी धरून बसलो होतो. गाडी टो करून हायवेवरच्या एका मोठ्या वर्कशॉपला नेली. तिथला माणूस टॉर्च मारून म्हणाला, "बाहेर काम केलंय का? पंप लोकल वाटतोय."

वाटतोय, एवढंच म्हणाला तो. पण मला तेवढं पुरलं. बावीस वर्षं मी गॅरेजवाल्यांची लबाडी शोधली होती, आणि ती शेवटी तुझ्याकडे सापडली याचं मला, सांगायला लाज वाटते, क्षणभर समाधान वाटलं. मी तिथेच उभा राहून तुला फोन लावला. शेजारी माधवी होती, शिर्के होते. मी म्हणालो, "ओरिजिनलचे पैसे घेतलेस आणि लोकल टाकलास. माझी बायको रस्त्यात अडकली आज. अकरा वर्षांचं काही वाटलं नाही तुला?"

तुझ्याकडे चर्चची घंटा वाजत होती, ती ऐकू आली. तू विचारलंस, "वहिनी बऱ्या आहेत ना?"

मी म्हणालो, "विषय बदलू नकोस."

तू म्हणालास, "ठीक आहे, साहेब."

तो शब्द मी चार वर्षांनी ऐकला तुझ्या तोंडून. फोन तू ठेवलास की मी, ते आठवत नाही.

परतताना शिर्क्यांच्या गाडीत मी सगळा वेळ बोलत होतो. याच्याकडे कुणी जाऊ नका, म्हणालो. तुमचीही गाडी दाखवून घ्या एकदा, म्हणालो. माधवी म्हणाली, "आधी गाडी उघडू तर द्या त्यांना." मी ऐकलं नाही.

आठ दिवसांनी बिल आलं. मी सवयीने ओळीओळीने वाचलं. रेडिएटर. वरचा पाइप. कूलंट. मजुरी. पंप कुठेच नव्हता. मी काउंटरवर विचारलं, पंप बदलला नाही का? तिथला माणूस म्हणाला, "पंपाला काही झालेलं नाही. ओरिजिनलच आहे, नवाच आहे. रेडिएटर वरून फुटला होता. सर, तुम्ही गाडी गरम असताना ओढलीत, नशीब इंजिन वाचलं."

मी बिल भरलं. गाडी घेऊन निघालो. हायवेवर एका बाजूला विरार, दुसऱ्या बाजूला घेतलं असतं तर वसईवरून तुझ्याकडे. अर्ध्या तासाचा रस्ता. मी घरी आलो.

का, हे मी स्वतःला खूपदा विचारलं. सुरुवातीला लाज होती. मग मी म्हणालो, फोनवर नको, जाऊनच बोलू. मग गणपती आले. दर वर्षी तू दुसऱ्या दिवशी दुपारी यायचास, माधवीचे उकडीचे मोदक तुला तुपाशिवाय लागायचे. मी ठरवलं, आला की दारातच हात धरायचे. तुझ्यासाठी पाच बाजूला काढून ठेवले होते. तू का येशील? ज्याला चोर म्हटलं त्याने दार वाजवायचं, अशी मी वाट बघत होतो.

नाताळात माधवीने करंज्यांचा डबा भरून माझ्या हातात दिला. "आज जाऊन या. मी नाही येत, तुम्ही एकटेच जा." मी निघालो. तुझ्या बागेच्या तोंडाशी आलो. आत तू शिडीवर उभा होतास, दारावर टांगलेल्या नाताळच्या चांदणीची तार वाऱ्याने सुटली होती ती बांधत होतास. वहिनी शिडी धरून खालून काहीतरी बोलत होत्या, तुमच्या गावच्या बोलीत, जी मला अकरा वर्षांत अर्धीच समजली. तुम्ही दोघं हसत होतात. मी गाडी थांबवली. इंजिन चालू होतं. त्या हसण्यात आपण जायचं आणि ती गोष्ट काढायची, हे मला जमेना. मी गाडी मागे घेतली.

तू पाठमोरा होतास. पण चाक कुठलं बोलतंय ते जीपखाली पडून ओळखणारा तू, तो आवाज तू ओळखला असशीलच. मला वाटतं तू वळला नाहीस, ते माझ्यासाठीच.

एप्रिलमध्ये शिर्क्यांनी बिल्डिंगच्या ग्रुपवर आलेला निरोप मला दाखवला. सकाळी चहा घेताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत तू गेलास. शिर्के म्हणाले, "तुमचा तो मेकॅनिक." मी हो म्हणालो आणि खुर्चीत बसलो.

दफनाच्या वेळी सगळ्यांबरोबर मीही मूठभर माती टाकली. रोझलीनने मला ओळखलं. "अंकल, डॅडी तुमच्या गाडीचं सांगायचे," एवढंच म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

परवा मिस्सेनंतर लोक पांगले तेव्हा मी वहिनींना म्हणालो की मला काही सांगायचं आहे. त्यांनी घरी नेलं. मागची शेड बंद होती. आत एक स्कूटर अर्धी उघडलेली तशीच आहे, तिचा मालक न्यायला आला नाही म्हणाल्या. मी सगळं सांगितलं. पंपाचं, फोनचं, बिलाचं, नाताळात दारातून परत गेल्याचं. मला वाटत होतं त्यांना यातलं काही माहीत नसेल.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "फोन आला तेव्हा मी इथेच होते. तो ठेवला आणि हे आत गेले. पार्टाची पावती शोधून आणली, या टेबलावर ठेवली. मला म्हणाले, फिलो, तू वाच गं. ओरिजिनलच लिहिलंय ना?" त्यांनी टेबलावरून हात फिरवला. "स्वतः बसवलेला पार्ट. पण तुम्ही म्हणालात म्हणून त्यांना स्वतःचीच खात्री वाटेना. मी दोनदा वाचून दाखवली."

मी मान वर केली नाही.

"मी म्हटलं, ही पावती नेऊन त्यांच्या तोंडावर टाका. म्हणाले, नको, बिल आलं की त्याला कळेल, बिल नीट वाचतो तो. मग येईल." त्यांनी पदर सारखा केला. "तुम्ही बिल वाचलं नसेल, असं मी धरून चालले होते भाऊ. तुम्ही आज म्हणता, आठ दिवसांत वाचलं."

"हो," मी म्हणालो.

"मी रागावले आहे तुमच्यावर. ते नव्हते रागावले. का नव्हते, ते मला नाही सांगता येणार." मग त्या उठल्या आणि त्यांनी चहा टाकला. मी निघतो म्हणालो तर म्हणाल्या, "बसा. त्यांच्या घरून कुणी चहाशिवाय गेलेलं नाही." तो चहा मी सगळा प्यालो.

निघताना त्यांनी दारात मला विचारलं, "हे आणखी कुणाला बोलला होतात का?"

मी होय म्हणालो. परतताना रिक्षात मला तोच प्रश्न ऐकू येत राहिला.

काल सकाळी शिर्के खाली गाडी पुसत होते. त्यांची ती छोटी पांढरी, जी सहा वर्षं तुझ्याकडे यायची आणि ऑगस्टनंतर आली नाही. मी त्यांना सांगितलं. पंप मूळचा होता, रेडिएटर बदलायला त्याने सांगितलं होतं, मीच नको म्हटलं. त्याने काही खोटं केलं नव्हतं.

शिर्के फडकं पिळत राहिले. मग म्हणाले, "कधी कळलं हे तुम्हाला?"

"ऑगस्टमध्येच."

"मग तेव्हाच का नाही बोललात? मी त्याच्याकडे जायचं सोडलं. रस्त्यात दिसला तर मी ओळख दिली नाही हो त्याला." त्यांचा आवाज चढला नाही, पण हातातलं फडकं त्यांनी बादलीत टाकून दिलं. "आणि मी चार जणांना सांगितलं. तुमचा शब्द म्हणून सांगितलं."

मी ती चार नावं मागून घेतली.

काल दिवसभर मी तेच केलं. एक जण दोन महिन्यांपूर्वी बोळिंजला राहायला गेलाय, त्याला फोन केला. त्याने "असू दे काका" म्हणून ठेवून दिला. दुसऱ्या घरी आजोबा होते, त्यांना काही आठवत नव्हतं, तरी मी सगळं सांगितलं. तिसरा दारातच उभा राहून ऐकत होता. आता माणूस गेलाय तर कशाला, असं म्हणाला. मी म्हणालो, म्हणूनच.

चौथं घर शेजारच्या बिल्डिंगमध्ये, पाचव्या मजल्यावर. तीस-बत्तीस वर्षांची मुलगी असेल, नुकतीच जुनी गाडी घेतली आहे तिने, पहिलीच. मी म्हणालो, भुईगावच्या इनासबद्दल बोलायला आलोय.

"इनास कोण?" तिने विचारलं. मग आठवून म्हणाली, "अच्छा, तो लोकल पार्ट टाकतो तो?"

तुझं नाव तिला माहीत नव्हतं इनास. माझं वाक्य तेवढं माहीत होतं.

"तसा कुणी नव्हता," मी म्हणालो. "ते खोटं मी बोललो होतो. खरा इनास कोण होता ते सांगायला आलोय."

तिने मला खालपासून वरपर्यंत बघितलं. जिने चढून मला दम लागला होता. तिने दार पूर्ण उघडलं आणि खुर्ची पुढे केली.

"बसा काका. सांगा."